तो मोहोर, ती मोहोर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'मोहोर आला' असं कुणी म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते, आंब्याच्या शेंड्याकडे. 'मोहोर सापडली' म्हटलं की खाली जाते. पडक्या वाड्याच्या भिंतीत, नांगराच्या तासात सोनं सापडल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात ना! अक्षरं तीच, उच्चार तोच. कुणी मोहोर लिहितं, कुणी मोहर, पण त्यानं अर्थ ठरत नाही. अर्थ ठरतो 'आला' आणि 'सापडली' यांवरून. मराठीनं या दोघांना वेगळं ओळखायला एवढी एकच खूण ठेवली आहे. झाडावरचा तो, तिजोरीतली ती. कागदावर उमटणारी मोहोरही 'ती'च.

पहिल्यांदा झाडावरचा पाहू. संस्कृतात कळीला मुकुल म्हणतात. प्राकृतात येता येता मधला 'क' झिजला, 'ल'चा 'र' झाला आणि मराठीत त्याचा मोहोर झाला, असं कोशकार सांगतात. हिंदीत त्याच मुकुलाचा मौर आणि बौर झाला. म्हणजे उत्तरेत आंबा 'बौरातो' आणि आपल्याकडे 'मोहरतो', तो एकाच आजोबांच्या दोन नातवांमुळे. कोकणातल्या बागायतदाराला मात्र या वंशावळीशी काही देणंघेणं नसतं. थंडी पडली की तो सकाळी उठून आधी झाड बघतो. ढग आले की त्याचा जीव खाली-वर होतो, कारण ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे येतात, भुरी येते. एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात आणि त्यांतून धरणारी फळं बोटांवर मोजण्याइतकी. मोहोर हा तसा आशेचाच शब्द आहे, आणि आशेप्रमाणेच त्याचा बहुतेक भाग गळून जातो.

मावळ-मुळशीकडे भाताच्या एका जातीला आंबेमोहोर म्हणतात. भात शिजायला लागला की आंब्याच्या मोहोरासारखा वास घरभर सुटतो. भाताला फुलाचं नाव देणारा तो पहिला शेतकरी कोण होता कोणास ठाऊक, पण आम्हा कवींच्या पंगतीत त्याला मानाचं पान मिळायला हवं. आणि मोहरणे हे क्रियापद तर मराठीनं झाडावरून थेट माणसाच्या अंगावर आणलं. मन मोहरतं, अंग मोहरतं.

आता ती मोहोर. हा शब्द फारसी, मूळ उच्चार 'मुहर' किंवा 'मुह्र', आणि मूळ अर्थ शिक्का. कागदावर किंवा लाखेवर दाबून उमटवायची खूण. राजाचा हुकूम खरा की खोटा हे अक्षरावरून कळत नसे, कारण अक्षर कारकुनाचं. ते कळायचं मोहरेवरून. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मोहरांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मौलाना मकसूद नावाच्या कारागिराचा उल्लेख येतो. त्यानं अकबरासाठी पोलादाच्या गोल ठशावर बादशहाचं आणि त्याच्या पूर्वजांची, पार तैमूरपर्यंतची, नावं कोरली होती. सगळं घराणं एका तळहातात मावेल असं! न्यायासाठी केलेल्या अर्जांवर उठवायची मोहोर वेगळी, तिचा आकार मशिदीतल्या मेहराबीसारखा.

आपल्याकडे शहाजीराजांचा शिक्का फारसीत होता, शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात आली. राज्याभिषेकानंतरच्या काळात महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पण मला त्या काळातलं सगळ्यांत हलवून टाकणारं काही वाटत असेल तर ते गावोगावचे महजर. महजर म्हणजे दहा जणांसमक्ष झालेल्या निवाड्याचा कागद. त्यावर काजीची मोहोर असे, देशमुख-देशपांड्यांचे शिक्के असत आणि खाली गावकऱ्यांच्या निशाण्या. कुणब्याची निशाणी नांगर. लिहिता न येणाऱ्या माणसानं काढलेली नांगराची ती चार वेडीवाकडी रेघोटी हीसुद्धा मोहोरच होती. तैमूरपर्यंतची नावं नव्हती तिच्यात, पण वतनाच्या भांडणात तिचं वजन पडायचं.

शिक्का जसा लाखेवर उठतो तसा तो सोन्यावरही उठतो. म्हणून नाण्यालाच मोहोर म्हणू लागले. मोगलांची सोन्याची मोहोर साधारण अकरा ग्रॅमची, म्हणजे तोळ्याला थोडी कमी. जहांगीर हा या बाबतीत हौशी माणूस. त्यानं १६१३ साली हजार तोळ्यांची, सुमारे बारा किलो वजनाची एक मोहोर पाडवून घेतली. ती खिशात घालून बाजारात जायची सोय नव्हती हे उघड आहे. १६१८ च्या सुमाराला त्यानं महिन्याच्या नावाऐवजी राशीचं चित्र असलेल्या मोहरा काढल्या. एका बाजूला मेंढा, बैल, सिंह आणि दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. पुढे कंपनी सरकारनं १८३५ साली देशभरासाठी एकसारखी नाणी आणली, तेव्हा मोहोर पंधरा रुपयांची ठरली. १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू असताना मुंबईच्या टाकसाळीत पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणं पुन्हा पाडलं गेलं. त्यानंतर ही मोहोर व्यवहारातून गेली आणि नावापुरती उरली. कलकत्त्याच्या हायकोर्टातले बॅरिस्टर तरीही आपली फी मोहरांत सांगत राहिले, आणि दादरला 'गोल्ड मोहर' नावाची कापडगिरणी होती. तिथं घाम गाळणाऱ्यांनी मोहोर फक्त पाटीवर पाहिली असणार.

या सोन्याच्या मोहरेनं एका झाडाला नाव देताना मात्र मोठी गंमत केली. गुलमोहोर हे झाड मूळचं मादागास्करचं, आपल्याकडे आलं ते एकोणिसाव्या शतकात. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'गोल्ड मोहर फ्लॉवर' अशी नोंद आहे. ती आहे शंकासुराच्या फुलाबद्दल, जो गुलमोहोराचाच भाऊबंद. कोशकार म्हणतात, हा हिंदी 'गुलमोर'चा अपभ्रंश आहे, म्हणजे मोराचं फूल. तुरा पाहिलात तर पटेल. इंग्रजाच्या कानानं त्यात आपलं सोन्याचं नाणं ऐकलं. आणि मराठी माणसानं? त्यानं 'मोहोर' ऐकला, आंब्याच्या झाडावरचा. गुल म्हणजे फूल, मोहोर म्हणजे फुलोरा, झाड वैशाखात लालभडक पेटलेलं, शंका घ्यायला जागाच नाही! साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात. तिथं जमणाऱ्यांना जाऊन सांगा, यात मूळचा मोर आहे म्हणून. ते हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. शब्द ज्याच्या तोंडी राहतो त्याच्या घरचा होतो.

शब्द परका की आपला या वादात मी फारसा पडत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या इराणी भाषेतल्या काही जोडाक्षरांचं पुढे फारसीत 'ह्र' झालं. आपल्या क्षत्र या शब्दाचा तिकडचा जोडीदार पुढे 'शहर' झाला. चित्रचा जोडीदार 'चेहरा' झाला. आणि मुद्रा? मुद्रा आणि मुहर यांचंही नातं आहे, असं बरेच भाषाभ्यासक मानतात. म्हणजे ज्या मोहरेला परकी म्हणून दरबाराबाहेर काढलं आणि जिला स्वकीय म्हणून सिंहासनाशेजारी बसवलं, त्या दोघी नात्यातल्या निघण्याचा संभव आहे. माधव जूलियनांसारख्या कवीनं १९२५ साली फारसी-मराठी कोश तयार केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्यांच्या मनात या दोन बाजूंची कशी ओढाताण झाली असेल याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

आता थोडं लिपीकडे वळू, कारण खरा गुंता तिथं आहे. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. मीम, हे आणि रे ही तीन अक्षरं काढली की झाला शब्द. वाचायचा कसा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. स्वर दाखवायचेच तर अक्षराच्या वर-खाली छोट्या खुणा करतात. वरची खूण जबर, खालची जेर आणि तिसरी पेश. जेर म्हणजे खाली, जबर म्हणजे वर, पेश म्हणजे पुढे. तुम्ही म्हणाल, हे आम्हाला काय माहीत. पण तुम्हाला ते माहीत आहे. आपण शत्रूला जेरीस आणतो, एखादा खेळाडू जबरदस्त खेळतो आणि राज्याच्या पुढे उभा राहणारा तो पेशवा.

तर त्या तीन अक्षरांना पेश दिला की होते मुहर, आपली मोहोर. जेर दिला की होतो मिहर, म्हणजे सूर्य आणि माया. जबर दिला की होतो महर, म्हणजे निकाहच्या वेळी नवऱ्यानं बायकोला द्यायचं धन. तीन शब्द, तिघांची गोत्रं वेगळी आणि कागदावर तिघांचं तोंड एकच.

यातला मिहर आपल्या ओळखीचा आहे. आपल्या वेदातला मित्र म्हणजेच इराण्यांचा मिथ्र, आणि मिथ्रचा पुढे मिहर झाला. पारशी पंचांगातला सातवा महिना मेहेर. पेशवाईतल्या आणि नंतरच्या पत्रांत साहेबापुढे मेहेरबान हटकून लागायचं, आणि आजही आपण एखाद्याला वैतागून म्हणतो, मेहेरबानी करा आणि गप्प बसा. मित्र आणि मेहेरबान हे सख्खे चुलतभाऊ आहेत हे ध्यानात ठेवून ते म्हणावं, म्हणजे जरा हळू आवाजात म्हटलं जाईल.

महर हा शब्द मात्र अरबी. आमच्या घरांतून मराठी बोलता बोलता त्याचाही कधी मेहर होतो, कधी मेहेर, आणि माहेरच्या इतका जवळ येतो की ऐकणारा फसतो. माहेरचा त्याच्याशी संबंध नाही, ते मातृगृहातून आलं. एकदा एका दिवाळी अंकात माझी कविता आली होती. एका विधवेवरची होती आणि तिच्यात तिचा महर राहून गेला, असं म्हटलं होतं. मुद्रितशोधकांनी 'महर'चा 'मोहर' केला. महरही पुल्लिंगी, मोहोरही पुल्लिंगी, त्यामुळे व्याकरणानं कुठंच हटकलं नाही. बाईचा मोहोर राहून गेला! पुढचे दोन महिने लोक भेटून त्या प्रतिमेची तारीफ करत होते. एका प्राध्यापकांनी तर भाषणात तिच्यावर दहा मिनिटं घेतली. मी काही बोललो नाही, पण मनात आलं, फुलाचं दुःख लोकांना चटकन कळतं, देण्याचं कळत नाही.

कारण महर हे देणं आहे. ती भेट नव्हे, हुंडा तर मुळीच नव्हे. कुराणात 'महर' हा शब्द नाही, तिथं त्यासाठी दुसरे शब्द आले आहेत. पण ते धन स्वतः स्त्रीला द्यायचं, तिच्या बापाला नव्हे, ही गोष्ट तिथं स्पष्ट आहे. 'महर' हा शब्द अरबी बोलीत आधीपासून होता आणि त्याचं हिब्रूतलं भावंड ऐकलंत तर चकित व्हाल. हिब्रूत त्याला म्हणतात 'मोहर'. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात मुलीसाठी तिच्या घरच्यांना द्यायच्या धनाला हाच शब्द आहे. पुढे यहुदी लोकांच्या लग्नाच्या करारात, केतुबात, तीच रक्कम स्त्रीच्या नावावर, तिच्या अडीअडचणीसाठी लिहिली जाऊ लागली. आपल्या अलिबाग-पनवेलकडचे मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक लग्नात केतुबा वाचतात. म्हणजे रायगड जिल्ह्यात आंब्यावर एक मोहोर येत होता आणि लग्नमंडपात दुसरा मोहर वाचला जात होता, एकमेकांना न ओळखता.

इथवर सगळी शब्दांची गंमत झाली. पण निकाहनाम्यात एक शब्द असा आहे की त्याच्याकडे गंमत म्हणून पाहता येत नाही. महर दोन प्रकारचा असतो. एक लगेच द्यायचा, किंवा बायको मागेल तेव्हा. दुसरा मागाहून द्यायचा, म्हणजे बहुधा तलाक झाला किंवा नवरा वारला तर. पहिल्याला म्हणतात मुअज्जल. दुसऱ्याला म्हणतात मुअज्जल. नाही, मी एकच शब्द दोनदा वाचलेला नाही. पहिल्यात 'ऐन' आहे, त्याचं मूळ घाई या अर्थाचं. दुसऱ्यात 'हम्जा' आहे, त्याचं मूळ मुदत या अर्थाचं. त्याच मुळातून आलेला 'अजल' हा शब्द उर्दू शायरीत मृत्यूसाठी वापरतात. अरबाच्या घशातून ऐन आणि हम्जा वेगळे निघतात. आपल्या घशातून निघत नाहीत. कायद्याच्या पुस्तकांत दुसऱ्याला 'मुवज्जल' लिहून फरक करतात, पण मांडवात पुस्तक कोण उघडतो? 'घाईनं' आणि 'मरणानंतर' हे दोन अर्थ आमच्या मांडवात एकाच उच्चारात बसलेले असतात आणि पडद्याआडची मुलगी मान हलवते. शहाण्या बायका साधं विचारतात, नगद की उधार? ते शब्द जास्त खरे आहेत.

या उधारीची कहाणी न्यायालयांच्या कागदांत विखुरलेली आहे. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलनं हमीरा बीबीच्या खटल्यात मान्य केलं, की महर न मिळालेल्या विधवेकडे नवऱ्याच्या मिळकतीचा रीतसर ताबा असेल, तर देणं फिटेपर्यंत तिला तो राखता येतो. म्हणजे मोहोर नाही दिली तर घराची किल्ली तरी. शाहबानोंचं नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचं लग्न १९३२ सालचं, तलाक १९७८ सालचा. पोटगीचा वाद चालू असताना नवऱ्यानं महर म्हणून तीन हजार रुपये कोर्टात भरले. १९८५ च्या निकालावर आणि १९८६ च्या कायद्यावर देशभर रण माजलं, त्यात मी आज जात नाही. मला त्या तीन हजारांपाशीच थांबायचं आहे. १९३२ साली तीन हजारांत किती तोळे सोनं आलं असतं आणि १९७८ साली किती आलं असतं, हा हिशेब कुठल्याही सराफाला करता येईल.

निकाह लावताना आमच्याकडे जुना शब्दप्रयोग ऐकू येतो, 'सिक्का रायजुलवक्त'. म्हणजे त्या वेळी चालू असलेलं नाणं. ज्यानं हे शब्द पहिल्यांदा घातले त्याच्या काळी नाणं सोन्या-चांदीचं होतं. त्याचं वजनच त्याची किंमत होती. आजच्या चालू नाण्याचं तसं नाही. कागदावर लिहिलेली रक्कम वीस वर्षांनी तीच असते, फक्त तिच्यात बाजारातून काही येत नाही. म्हणून काही घराण्यांत रुपयांऐवजी चांदीच्या वजनात महर बांधतात. हजरत फातिमांच्या महराइतका म्हणून एकशे एकतीस तोळे तीन मासे चांदी, असा हिशेब आपल्याकडे बराच चालतो. इतकी चांदी सगळ्यांना झेपणारी नसते, पण वजनात बांधायची कल्पना शहाणपणाची आहे. शब्दानं दगा दिला तरी तराजू देत नाही.

माझ्या मुलीच्या निकाहच्या वेळी काजीसाहेब फॉर्म भरत होते. आमची जुनी ओळख, मी कविता लिहितो हे त्यांना ठाऊक. पाच तोळे सोनं, एवढं लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मुअज्जल लिहू ना, शायरसाहेब?"

मी विचारलं, "कुठला, काजीसाहेब?"

ते क्षणभर थांबले, मग हसले. मांडवात गलका होता, कुणीतरी नवऱ्या मुलाच्या बुटांवरून भांडत होतं. काजीसाहेबांनी उर्दू शब्दापुढे कंस केला आणि त्यात मराठीत 'लगेच' असं लिहिलं. मुलीकडच्यांच्या सह्या झाल्या, मुलाकडच्यांच्या झाल्या. मग त्यांनी शाईचा पॅड उघडला आणि त्यावर मोहोर मारली.